बाहेर काढलेला भाऊ

सफीराने जवाची भाकर त्याच्या ओठांना टेकवली. गदल्याने मान फिरवली.

“मर मग,” ती म्हणाली. “गवत खाऊन मर. माझ्या शेळ्यांच्या वाट्याचं तेही संपवून टाक.”

खाऱ्या समुद्राकाठच्या कड्याच्या सावलीत तो पडून होता. पोट पाठीला लागलं होतं. हाकेच्या अंतरावर एसेनी या कडक नियमांच्या यहुदी पंथाची वस्ती दिसत होती. गदल्याचं सगळं तरुणपण त्या वस्तीत गेलं होतं. आता तिथल्याच भावांनी त्याला बाहेर काढलं होतं. पंथात येताना प्रत्येक जण शपथ घेई, की भावांच्या हातचं शुद्ध अन्न सोडून दुसऱ्या कुणाचं काही तोंडात घालणार नाही. त्यामुळे बाहेर काढलेल्या माणसाला मारायला कुणाला हात उचलावा लागत नसे. त्याची शपथच त्याला मारायची.

सफीरा शेळ्या राखणारी विधवा. तिचा म्हातारा सासरा मीठ गोळा करायचा. शब्बाथच्या, म्हणजे आठवड्याच्या पवित्र विसाव्याच्या दिवशी, दुपारी तो पाण्यासाठी वस्तीच्या टाक्यावर वाकला आणि आत पडला. शब्बाथला दोर, शिडी, कसलंही साधन वापरायचं नाही, असा पंथाचा नियम. सगळे भाऊ टाक्याच्या काठावर जमले. पहिली चांदणी दिसली, शब्बाथ संपला, की काढू, असं ठरलं. म्हातारा गळ्याइतक्या पाण्यात भिंतीतली खाच धरून होता. गदल्याने दोर आणला. एकट्याने ओढला. तळहात सोलून निघाले, पण म्हातारा वर आला.

सभेत त्याला विचारलं, चूक झाली म्हणतोस? तो म्हणाला, नाही.

“आमच्या गावचे परूशी पंथाचे गुरुजी काय म्हणतात ठाऊक आहे?” सफीरा आता त्याच्यासमोर फतकल मारून बसली. “जीव जात असेल तर शब्बाथ बाजूला ठेवा म्हणतात. यरुशलेमच्या देवळातले सदूकी पुजारी म्हणतात, मेल्यावर पुढं काही नाही, तेव्हा काय ते आत्ताच जेवून घ्या. माझा भाचा तलवार घेऊन डोंगरात गेलाय. तो म्हणतो, रोमी मेल्याशिवाय देव यायचाच नाही. आणि एक तुम्ही! देवाच्या दाराशी जो तो आपापला पहारेकरी बसवून मोकळा. अरे बाबा, ज्यांनी हाकललं त्यांचीच शपथ पाळत बसलायस. लाज कशी वाटत नाही?”

गदल्या हसला. कोरडा ओठ फुटून रक्त आलं.

तेवढ्यात वाटेवर पांढरे अंगरखे दिसले. पुढे पंथाचा म्हातारा कारभारी हिल्कीया होता. मागे अमर्या नावाचा भाऊ, हातात झाकलेलं वाडगं घेऊन.

“गदल्या,” हिल्कीया म्हणाला, “सभेला तुझी दया आली. एक वाक्य बोल. मी पाप केलं. बस, एवढंच. वाडगं तुझं.”

अमर्याने झाकण काढलं. मसुराच्या गरम आमटीचा वास आला. 

“बोल की रे,” सफीरा कुजबुजली. “बोलायला काय जातं? खरं काय ते देवाला ठाऊक आहे.”

गदल्या कोपरावर जोर देऊन उठला. पाठ कड्याला टेकवली.

“कारभारी, मी हिची भाकर का खाल्ली नाही, कळलं तुम्हाला?”

“शपथेला भ्यालास,” अमर्या म्हणाला.

“खाल्ली असती तर तूच सभेत म्हणाला असतास, हा आपल्यातला कधी नव्हताच. पोटामागं गेला. त्याच्या बोलण्याला काय किंमत द्यायची? आता सांग. त्या दोराखेरीज एक तरी नियम मोडला मी? नाही ना? म्हणजे मी अजून भाऊ आहे. आणि भाऊ म्हणून सांगतो, तो नियम चुकीचा आहे. पुढच्या शब्बाथला कुणी पडलं तर पुन्हा दोर आणीन. आज मेलो तर आपल्या कबरस्तानात पुरा, आणि माझं म्हणणं सभेत मांडा.”

अमर्याने वाडग्यावर झाकण घातलं. “चला, कारभारी. माज उतरलेला नाही अजून.”

हिल्कीया हलला नाही. तो समुद्राकडे बघत होता.

“त्या दिवशी टाक्याच्या काठावर स्तोत्र मीच सुरू केलं,” तो म्हणाला. “सगळ्यांना मोठ्यानं म्हणायला लावलं. म्हाताऱ्याच्या हाका ऐकू येत होत्या, म्हणून.”

 त्या दिवशी अमर्याही गात होता.

कारभाऱ्याने त्याच्या हातून वाडगं घेतलं आणि तसाच वाळूत बसला. पांढरा अंगरखा मळला. त्याने आमटीत भिजवलेला घास गदल्याच्या तोंडाशी नेला.

“मी काही कबूल केलेलं नाही,” गदल्या म्हणाला.

“ऐकलं मी. खा. परवा सभा बोलावतो. तुझा आवाज निघायला हवा. निम्मेअधिक तुझ्यावर तुटून पडतील.”

“आणि तुम्ही?”

“मी तुझ्या शेजारी बसेन. पुढचं तिथं बघू.”

गदल्याने घास घेतला. गिळायला त्याला फार वेळ लागला.

सफीरा ताडकन उठली. रागाने तिचा चेहरा लाल झाला होता.

“एवढं सोसलंस, आणि परत त्यांच्यातच जाणार? तुला मरायला टाकलं त्यांनी!”

“मी त्यांचाच आहे, बाई,” गदल्या म्हणाला. “परका असतो, तर तुझी भाकर खाऊन कधीच गप्प बसलो असतो.”