मेहुण्याचा चेहरा

मंत्री झाल्यावर साहेबांनी नियमाप्रमाणे आपले सगळे शेअर मेहुण्याच्या हवाली केले. पैसा कुठल्या कंपनीत आहे हे साहेबांनी विचारायचं नाही, त्याने सांगायचं नाही. चेहरा वाचायला मात्र नियमाची आडकाठी नव्हती.

सकाळी चहा पिताना साहेब सहज म्हटल्यासारखं म्हणाले, "नदीत विष सोडणारा तो रंगाचा कारखाना आज बंद करतोय."

मेहुण्याने घोट घेतला आणि त्याचा चेहरा एकदम कसनुसा झाला.

साहेबांनी तो चेहरा वाचला. म्हणजे त्या कारखान्यात पैसा आपलाच? दिवसभर डोकं चालेना. शेवटी फाइलवर शेरा मारला, 'फेरविचार व्हावा.'

संध्याकाळी मेहुणा सुजलेला गाल धरून आला. "दाढ काढली, दाजी. सकाळी चहाच्या घोटाने कळ थेट मस्तकात गेली!"

"मग... तो कारखाना?"

"कुठला कारखाना?"