शिवानीचा प्लॅन बी

हंबीरराव खाली पानपट्टीवर उभा होता. शिवानीनं खिडकीतून एकदाच पाहिलं आणि ती चटकन मागं सरली. दिवाळीनंतर सुटणारा नवरा आजच कळंब्याच्या जेलमधून बाहेर आलाच कसा? पॅरोल, दुसरं काय! कोर्टातून नेताना चारचौघांदेखत म्हणाला होता, "सुटलो की आधी तुझ्याकडंच येतो." बोलल्यासारखा आला की मेला!

मंगळवार पेठेतल्या त्या माडीवर बायकांचा इंग्रजीचा क्लास रंगात आला होता. संघप्रिया मॅडमनी फळ्यावर 'प्लॅन बी' लिहिलं. "पहिला बेत फसला तर हाताशी असावा म्हणून ठेवलेला दुसरा बेत. प्रत्येकीनं एकेक वाक्य करायचं. शालूबाई, तुम्ही."

मेस चालवणाऱ्या शालूबाई ऐटीत उठल्या. "गॅस फिनिश, देन स्टोव्ह इज माय प्लॅन बी!"

"वा! यल्लव्वा, तुम्ही?"

निपाणीकडची यल्लव्वा पदर खोचत म्हणाली, "पावणं कम. भाजी नो. मग काय, शेजारनं मागून आणतो की! दॅट इज प्लॅन बी."

बाया खो खो हसल्या. मॅडमही हसल्या, पण म्हणाल्या, "हे नाही बसत. प्लॅन बी आधीच ठरवून ठेवायचा असतो. ऐनवेळी सुचेल ते करायचं, त्याला प्लॅन बी म्हणत नाहीत."

शिवानीचा एकच बेत होता. हा सुटायच्या आत पुणं गाठायचं, तिथल्या दवाखान्यात काउंटरवर नोकरीला लागायचं. रविवारची गाडीसुद्धा ठरली होती. तो आधी सुटला तर काय, हे तिनं कधी मनातही आणलं नव्हतं. आता जिना उतरला की समोर तो.

"शिवानी, तुमचं वाक्य?"

ती बाकाला धरून उठली. "मॅडम, आय हॅव... आय हॅव नो प्लॅन बी."

"छान! अगदी बरोबर."

"कशाचं बरोबर ओ मॅडम!" तिला रडूच फुटलं. "नवरा सुटून आलाय. खाली उभा हाय. आज मला जित्ती सोडत न्हाय त्यो."

शालूबाई खिडकीशी गेल्या, वाकून बघितलं आणि खिडकी लावून घेतली. मॅडमनी पोलीस चौकीला फोन लावला. नुसती रिंग वाजत राहिली.

क्लास सुटायची वेळ झाली. एरवी मॅडम खडू ठेवायच्या आत निम्म्या बाया जिन्यात असायच्या; स्वयंपाक कुणाला सुटलाय! आज एकही जागची हलली नाही. मॅडमनी पर्स खांद्याला लावली, कुलूप हातात घेतलं. मग सगळ्या एकदमच उठल्या. शिवानी तेवढी बाकापाशीच राहिली.

यल्लव्वा राहायची पार उलट्या अंगाला, रंकाळ्याकडं. ती पुढं आली, शिवानीचा दंड घट्ट धरला आणि बाकीच्यांकडं एकदा बघून म्हणाली, "चल गं. आज समद्यांची घरं तुझ्याच वाटंवर हाईत."