गोजरबाईचा कौल

शुद्ध आली तेव्हा गोजरबाईच्या तोंडात रक्ताची चव होती. जीभ पुन्हा चावली गेली होती. कुणीतरी तिच्या कपाळावर मळवट भरला होता आणि अंगणात माणसं हात जोडून बसली होती.

"देवी, कौल दे," तिचा दीर श्रीमंत मोठ्यानं म्हणाला. मग वाकून, तिलाच ऐकू जाईल असं, "अंगारा सांग. पाच शुक्रवार."

दरवेळी ती तेच सांगायची. फेफऱ्यात आपण काय करतो, हे तिला कधीच कळलेलं नव्हतं. अंगात देवी येते असं ठरण्याआधी घरच्यांनी तिला गोठ्यात बांधून ठेवलं होतं. ते तिला कळलेलं होतं.

समोर शेजारच्या आळीतली बनुबाई होती. मांडीवर लेकरू. त्याचा गळा सुजला होता, श्वास करवतीसारखा वाजत होता.

"देवी सांगंल तसं," बनुबाईचा सासरा म्हणाला. "दवाखान्याचं नाव काढायचं न्हाई."

अंगारा सांगितला तर लेकरू जाईल. दुसरं सांगितलं आणि तरीही लेकरू गेलं, तर?

"कर्जतच्या डाक्टरकडं न्या," ती म्हणाली.

श्रीमंतनं तिचं मनगट आवळलं.

बनुबाई लेकराला घेऊन ताडकन उठली. "देवीचा कौल हाय. देवीनंच संगं यावं."

सासऱ्यानं मुकाट्यानं गाडी जुंपली.

कर्जतला डॉक्टरनं लेकराला आत नेलं, दार लोटून घेतलं. सासरा बैल सोडायला गेला. दोघी दवाखान्याच्या ओट्यावर, इतर रोग्यांपासून जरा लांब बसल्या. आतून किंकाळी आली, मग काहीच येईना.

"बनुबाई, मी देवी न्हाई गं," गोजरबाई कुजबुजली. "मला फेफरं हाय."

"ठावं हाय, आक्का. माज्या आईलाबी हुतं. पर घरात माजं कोन आयकतं? तुजं आयकत्यात."

गोजरबाई तिच्याजवळ सरकून बसली.

बऱ्याच वेळानं कंपाउंडर दाराशी आला. "श्वास मोकळा झालाय. धोका टळला म्हणता येत नाही. आज इथंच राहू दे."

गोजरबाईनं हात जोडले. इतकी वर्षं लोक तिलाच जोडत आले होते. आपण कुणाला जोडतोय, हे तिला सांगता आलं नसतं. पण जोडलेली बोटं आपोआप थरथरू लागली. नाकात जळकट वास भरला. ओट्यावर अनोळखी माणसं होती, आणि इथं कुणीही तिला देवी म्हणणार नव्हतं.

तिनं बनुबाईचा पदर घट्ट धरला.

"येतंय गं. पाया नगं पडूस. कुशीवर वळव मला."