बाबांचा उजवा हात

बाबांची अट सोपी होती. त्यांचं चित्र हुबेहूब आलं तर माझी चित्रकला चालू, नाहीतर उद्यापासून हार्डवेअरच्या दुकानात बसायचं. मी कुणाकडे शिकलेलो नाही. पुस्तकातले सांगाडे आणि स्वतःचं शरीर हेच माझे गुरुजी. चित्र पाहून आई म्हणाली, “कपाळावरची आठी तर अगदी यांचीच.” बाबा खूश होणार, एवढ्यात आत्यानं चष्मा लावला. “अरे, दादाचे दोन्ही हात डावे काढलेस की.” खरंच होतं. पेन्सिल उजव्या हातात असते, त्यामुळे समोर धरून सराव करायला माझ्याकडे डावाच हात मोकळा. मी तसं प्रामाणिकपणे सांगितलं. बाबांनी चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे. खुर्ची ओढून समोर बसले आणि उजवा हात टेबलावर ठेवला. “काढ. दुकानाचं नंतर बघू.” थोड्या वेळानं बोटं हलली. “हलू नका, बाबा.” “नाक खाजतंय.” “डाव्यानं खाजवा.”