मुंगसामार्फत

निसर्गाच्या सान्निध्यात माणूस अंतर्मुख होतो, असं निवृत्त न्यायाधीशांचं ठाम मत होतं. गावाबाहेरच्या या घरात राहायला आल्यावर त्यांच्या पत्नी इतक्या अंतर्मुख झाल्या, की त्यांनी नवऱ्याशी बोलणंच टाकलं. त्याला या रविवारी चार महिने झाले.

बोलायच्या त्या मुंगसाशी.

आधी त्यांनी खारींना सांगून पाहिलं होतं. पण खार वाक्य पुरं होईपर्यंत थांबत नाही. भारद्वाज ऐकतो, पण तोंड फिरवून. आणि तसा श्रोता घरात एक होताच. मुंगूस मात्र कुंपणाखालून यायचं, मागच्या दोन पायांवर उभं राहायचं आणि शपथ घेतलेल्या साक्षीदारासारखं एकटक बघायचं.

"आलास? ये," बाई आज म्हणाल्या. व्हरांड्याच्या पायरीवर बसून त्या मटार सोलत होत्या. "तुझं बरं आहे बाबा. आत यायच्या आधी चारदा थांबतोस, अंदाज घेतोस. जनावर असून कळतं तुला. काही माणसं भरलं घर विकून येतात आणि वर चहा मागतात."

मागे खुर्चीत बसलेल्या न्यायाधीशांनी वर्तमानपत्र बोटभर वर धरलं. लेकी बोले सुने लागे, हे त्यांना कळत होतं. फक्त इथे लेकीला शेपूट होतं. चौतीस वर्षांत दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय त्यांनी कुणाला साधा दंडही केला नव्हता. शहरातलं घर तेवढं विकलं. बाईंना ते समजलं, खरेदीदार पडद्यांची मापं घ्यायला आला तेव्हा.

तरी टोमणा झाला म्हणून काय, तोही आवाजच. दिवसभरात या घरात तेवढाच. म्हणून न्यायाधीश रोज बाई उठायच्या आत कुंपणाशी एक अंडं ठेवून यायचे, चपला हातात घेऊन. मागच्या आठवड्यात अंडी संपली, मुंगूस दोन दिवस फिरकलं नाही, आणि फ्रिजच्या घरघरीशिवाय घरात काही ऐकू आलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी तीन किलोमीटर चालत जाऊन डझनभर अंडी आणली. दोघांपैकी अंडं कुणीच खात नव्हतं.

"मी नसले तरी येत जा हं," बाई पुढे म्हणाल्या. "अंड्याची सोय होईल. तुला काय वाटलं, मी ठेवते?"

वर्तमानपत्र हललं नाही.

"धाकट्या लेकीच्या इमारतीत खोली घेतलीय, तिच्या बरोबर वरची. साडेदहाला गाडी येईल. नंतर म्हणू नकोस, मला विचारलं नाही, सांगितलं नाही. विचारत नाहीच आहे. पण सांगून जाते. तेवढी रीत आहे मला."

साडेदहाला दहा मिनिटं होती. न्यायाधीशांनी वर्तमानपत्राची घडी घातली, नीट चौकोनी. घसा खाकरला. बाई दोन हातांवर होत्या. त्यांच्याकडे वळायला खुर्चीसुद्धा सरकवावी लागली नसती.

"तिला म्हणावं," ते मुंगसाला म्हणाले, "विचारायला हवं होतं मी. माझं..."

मुंगसाला हा आवाज नवा होता. ते कुंपणाखाली गडप झालं.

"माझं चुकलं," न्यायाधीश कुंपणाला म्हणाले. कुंपण जरा लांब असल्यामुळे मग मोठ्यानं, "चुकलं म्हणतोय ना मी." आवाज निकाल वाचून दाखवताना लागायचा तसाच लागला.

बाईंचे हात थांबले. त्या नवऱ्याच्या उजव्या गालाकडे बघत राहिल्या, कारण तेवढाच दिसत होता. तोंड अजून कुंपणाकडेच होतं. बाईंनी वाट पाहिली, असंही म्हणता येईल. मग त्यांनी उरलेल्या पाच-सहा शेंगा सोलल्या, मांडीवरची टरफलं झटकली आणि त्या आत गेल्या.

बाहेर हॉर्न वाजला. बॅग आधीच भरलेली होती, दाराआड. ड्रायव्हरनं ती उचलून डिकीत टाकली.

फाटकाशी पोचल्यावर बाई वळल्या. चार महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी नवऱ्याच्या डोळ्यांना डोळे भिडवले. न्यायाधीश लगबगीनं खुर्चीतून उठले.

"सिलिंडर गुरुवारी येईल," बाई म्हणाल्या. "घरी राहा."