डरकाळी, रिमिक्स

वासुदेवराव ढोकांच्या घरात त्यांच्या शब्दाबाहेर कोणी जात नाही, हे आता हिंदी मुलखातल्या अख्ख्या बुढापारा मोहल्ल्याला ठेक्यावर ऐकायला मिळत होतं. मुलगा गंधार आणि त्याच्या मित्रांच्या इलेक्ट्रॉनिक डान्स ग्रुपने पहिल्या अल्बममध्ये त्यांची खरीखुरी डरकाळी घातली होती: "बंद कर बे हे!" त्यावर पोट्टे बेभान नाचत आणि वासुदेवराव मान डोलावत.

अल्बम रिमिक्स होऊन पुन्हा निघाला, तेव्हा त्यांनी गणेश मंडळाची माणसं जमवली, मंडळाचाच मोठा स्पीकर लावला.

"पापा, पहले घर में सुन लो," गंधार म्हणाला.

"काहून? माहा आवाज काढला का बे?"

"नहीं पापा. इस बार पूरी रिकॉर्डिंग रखी है, काटी नहीं."

वासुदेवरावांनी छाती फुगवून बटण दाबलं. डरकाळी घुमली, मंडळाने टाळ्या वाजवल्या. तोच स्पीकरमधून, डरकाळीच्या पाठोपाठ, त्यांच्या बायकोचा, मंदाकिनीबाईंचा आवाज आला: "तुम्ही गुमान बसा बरं! पोट्टा काम करून राहिला."

मग खुर्ची सरकल्याचा आवाज. त्यानंतर शेवटपर्यंत नुसतं संगीत आहे.