अख्खा फोटो

गाडीतून उतरलेल्या बाईंनी मुकादम नावाच्या कुत्र्याकडे पाहिलं आणि त्यांचं हसू अर्ध्यावरच थांबलं. तो तीन पायांवर उड्या मारत त्यांच्याकडे येत होता. पुढचा डावा पाय खांद्यापासून नव्हता. बाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या की आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, जिने फार आहेत, हे आधी लक्षातच आलं नाही. मुकादम त्यांना फाटकापर्यंत सोडून आला.

कुत्र्यांचा हा निवारा चालवणाऱ्या मावशींना काही कळेना. वेबसाइटवर फोटो पाहून लोक फोन करत, गोड बोलत, भेटायला येत, आणि कुत्रा समोर आला की प्रत्येकाला काहीतरी आठवे. कोणाला जिने, कोणाला घरातलं तान्हं बाळ. एकाने तर विचारलं, पाय कधी गेला? जणू काल गेला. फोटोत मुकादम पायरीवर उभा होता, सगळ्या अंगणावर देखरेख करावी तसा. तीन पाय स्वच्छ दिसत होते. म्हणून मावशींनी त्याबद्दल अक्षर लिहिलं नव्हतं. दिसतंय ते लिहायचं कशाला, आणि लिहिलं की लोक कीव करत येणार.

जागा विकली गेली होती. महिनाअखेरीला अंगण रिकामं करायचं होतं. बाकीची सगळी कुत्री घरोघर गेली, उरला मुकादम. मावशी बहिणीकडे राहायला जाणार होत्या आणि बहिणीला कुत्र्याच्या केसांनी दमा होई. मुकादमाला घर मिळालं नाही तर गावाबाहेरचा मोठा निवारा होता. तिथे कुत्र्यांना नावं नसतात, पिंजऱ्यांना नंबर असतात.

सुट्टीच्या दिवशी बहिणीची मुलगी सामान बांधायला आली. मावशींनी तिच्यासमोर कॉम्प्युटर उघडला आणि म्हणाल्या, तूच सांग, यात न दिसण्यासारखं काय आहे? भाचीने पडद्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या मोबाइलवर तीच वेबसाइट उघडली आणि मोबाइल पडद्याशेजारी धरला.

पडद्यावर अख्खा मुकादम होता. मोबाइलवर त्याचा रुंद, देखणा चेहरा होता, थोडी छाती होती, आणि त्याखाली थेट फोन नंबर.

मावशी एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिल्या. भाचीने समजावलं. मावशी पासवर्ड घालून जिथे फोटो आणि मजकुराचे ठोकळे रचत, ती वेबसाइटची आतली खोली. लोकांना दिसतं ते बाहेरचं रूप, म्हणजे थीम. ही थीम जुनी, ठोकळ्यांची पद्धत येण्याआधीची. ती प्रत्येक फोटो आपल्या मापाने कापते. आत एक, बाहेर दुसरंच.

“म्हणजे खायचे दात वेगळे, दाखवायचे वेगळे,” मावशी म्हणाल्या. “आणि मी रोज खायचेच बघत बसले.”

दोघी फुकट थीम शोधायला बसल्या. एकीत मुकादम गोल डबीत बसला. दुसरीत त्याच्यावर काळी छटा आली आणि तो शोकसभेतला वाटू लागला. तिसरी फार सुंदर होती, पण फोटोचं माप बदलायला गेलं की पैसे मागायची. मावशींच्या डोक्याचा पार भुगा झाला. शेवटी ठोकळ्यांसाठीच बनवलेली एक साधी थीम सापडली. पांढरं पान, काळी अक्षरं. आत जे रचलं तेच बाहेर. मावशींना ती बोडकी वाटली. पण मोबाइलवरच्या नमुन्यात मुकादम पायरीवर उभा होता, तिन्ही पायांवर.

भाचीचं बोट थीम बदलायच्या बटणावर थांबलं. तिने दबकत सुचवलं की जुनीच राहू दे, निदान फोन तरी येतात. एखाद्याला समोर बघून दया येईल.

“लोक परत जातात ना, तेव्हा तो शेपूट हलवत फाटकापर्यंत जातो,” मावशी म्हणाल्या. “मग बराच वेळ तिथेच बसतो. तू ते पाहिलेलं नाहीस. दाब ते बटण.”

भाचीने दाबलं. आणि फोन बंद झाले.

आधी मावशींना वाटलं, नंबर चुकला असेल. त्यांनी तो पुन्हा तपासला. मग भाचीला फोन करायला लावून स्वतःचा फोन वाजतो का ते पाहिलं. वाजला. मुकादमाने कान टवकारले आणि पुन्हा पायरीवर डोकं टेकलं. खोट्या फोटोला माणसं येत होती, खऱ्याला कुत्रंही विचारत नव्हतं. चूक कुठली आणि बरोबर कुठलं, हेच मावशींना समजेनासं झालं. अंगणातल्या खोक्यांवर त्या चिकटपट्टी लावत राहिल्या. महिना संपत आला. मोठ्या निवाऱ्याची गाडी दुसऱ्या दिवशी यायची होती.

त्या दुपारी फोन वाजला. पलीकडचा माणूस सुतार होता. घाईघाईने, जरा ओशाळल्यासारखा बोलत होता. पायरीवरचा तो कुत्रा अजून आहे का, की कोणी नेला?

मावशी म्हणाल्या, आहे. वय सांगितलं, खाणंपिणं सांगितलं. माणूस नुसता हं हं करत होता. पायाबद्दल एक अक्षर नाही. मावशींना शंका आली. थीमने पुन्हा फोटो कापला की काय? पुन्हा कोणीतरी येणार, पुन्हा मुकादम फाटकापर्यंत जाणार.

“फोटो नीट पाहिलात ना तुम्ही?” त्यांनी विचारलं. “अख्खा?”

“पाहिला की,” सुतार म्हणाला. “माझं घर तळमजल्यावर आहे. दाराला उंबरठा तेवढा होता. तो काल काढून टाकला.”